नऊ वर्षांच्या मुलीला विंडमिल पिचिंग कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी 9 वर्षांची, उजव्या हाताची, सॉफ्टबॉलमधलं विंडमिल पिचिंग शिकतेय, म्हणजे हात पूर्ण वर्तुळात फिरवून हाताखालून चेंडू टाकणं. तिला शिकवलंय की हात डोक्यावर गेला की चेंडू सेकंड बेसकडे, म्हणजे पाठीमागे, दाखवायचा, तिथून सरळ खाली आणायचा, सोडताना मनगटाचा झटका द्यायचा आणि शेवटी कोपर कॅचरच्या (समोर बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) दिशेने वर उचलायचं. रोज एका गुडघ्यावर बसून नुसत्या मनगटाच्या झटक्यांचा सराव चालतो. चेंडू होमप्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभी असते तिथपर्यंत, जेमतेम पोहोचतो आणि आता खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलंय. हे तंत्र बदलावं का, आणि बदलायचं तर सुरुवात कुठून करायची?

बदला. पण आधी दुखण्याचं बघू. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत तिला एकही चेंडू टाकू देऊ नका, हळूसुद्धा नाही. विश्रांती घेऊनही दुखत राहिलं, रात्री झोपेत दुखलं किंवा हात वर करताना खांदा अडला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात आणि त्या वाढीच्या जागांवर पुन्हा पुन्हा ताण आला तर मामला साध्या स्नायूदुखीचा राहत नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला बायसेप्सचा एक कंडरा जातो. विंडमिलमध्ये हात मागून खाली येताना बायसेप्सवर जबर काम पडतं, वरून फेकण्यापेक्षाही जास्त. खांद्याच्या सांध्यातून हात बाहेर ओढणारं बल पिचरच्या वजनाच्या जवळपास जातं, हे मोजून पाहिलेलं आहे. तरीही ‘हाताखालून टाकणं नैसर्गिक आहे, कितीही टाकलं तरी खांद्याला काही होत नाही’ हे वाक्य मैदानावर अजून ऐकू येतं. पुरावा म्हणून जपानची पिचर युकिको उएनो हिचं नाव घेतलं जातं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून 413 चेंडू टाकले आणि जपानला सुवर्ण मिळवून दिलं. पराक्रम मोठा आहेच, पण तेव्हा ती 26 वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षं तयार झालेली खेळाडू होती. नऊ वर्षांच्या खांद्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता तंत्र. बोलणं सोपं जावं म्हणून घड्याळाचे आकडे वापरतो. थर्ड बेसकडून, म्हणजे तिच्या उजव्या बाजूने, पिचरकडे पाहा. तिचं तोंड तुमच्या उजवीकडे, होमप्लेटकडे आहे. हात समोर आला की 3, डोक्यावर 12, मागे सेकंड बेसकडे 9 आणि खाली मांडीजवळ 6. हात 3, 12, 9 असा फिरून 6 च्या आसपास चेंडू सुटतो. (डावखुरी असेल तर फर्स्ट बेसकडून पाहा, बाकी सगळं आरशातल्यासारखं उलटं.)

तुमच्या मुलीला जे शिकवलंय त्यात 12 वर तळवा मागे, 9 वर तळवा जमिनीकडे आणि 6 वर तळवा कॅचरकडे असतो. म्हणजे खाली येताना ती पूर्णवेळ चेंडूच्या मागे हात ठेवून तो ढकलत असते. मैदानावरच्या भाषेत याला ‘हेलो एल्बो’ म्हणतात, कारण शेवटी कोपर वर येऊन कॅचरला हॅलो करतं. दिसायला नीटनेटकं, मोठ्या गटाला एकदम शिकवायला सोपं, म्हणून ते टिकून राहिलंय.

आता उएनो किंवा अमेरिकेच्या मोनिका ॲबट, कॅट ऑस्टरमन यांपैकी कोणाचंही पिचिंग स्लो मोशनमध्ये लावा आणि 9 वर थांबवा. तळवा आकाशाकडे असेल. कोपर किंचित वाकलेलं, शरीर थर्ड बेसकडे उघडं, म्हणजे छाती तिकडे वळलेली (ॲबट आणि ऑस्टरमन डावखुऱ्या, त्यांची फर्स्ट बेसकडे). तिथून हात खाली येताना आधी दंड आणि कोपर येतं, चेंडू मागे राहतो. चेंडू सुटण्याच्या जरा आधी तळवा थर्ड बेसकडे वळलेला असतो आणि करंगळीची बाजू होमप्लेटकडे पुढे. मग क्षणार्धात सगळा हात खांद्यापासून आत वळतो: तळवा थर्ड बेसकडून कॅचरकडे, आणि चेंडू सुटल्यावर तसाच पुढे फर्स्ट बेसकडे. हात सैलपणे शरीरासमोर येऊन थांबतो. कोपर मुद्दाम कानापर्यंत कोणी उचलत नाही.

वेग इथेच तयार होतो, म्हणून यावर थोडं थांबतो. पाय ढकलतात, कंबर आणि छाती पुढे जातात, पुढचा पाय रोवला जातो आणि शरीर अडतं. शरीर अडलं की दंडाला वेग मिळतो. दंड बरगड्यांच्या बाजूला येऊन मंदावतो की तो वेग कोपरापुढच्या हाताला मिळतो, आणि तिथून शेवटी बोटांना. आसुडाची मूठ थांबते आणि टोक सुटतं, तसं. प्रत्येक भाग वेळेवर मंदावला तरच पुढचा भाग धावतो. हेलो एल्बोत दंड थांबतच नाही, तो कोपराला घेऊन वर जात राहतो. त्यामुळे हाताच्या टोकाला काही मिळत नाही आणि सगळा भार खांदा उचलतो. चेंडू सुटण्याच्या जरा आधी चांगल्या पिचरच्या हाताचा आतला भाग कमरेच्या बाजूला हलकासा घासून जातो. तो स्पर्श चूक नाही, दंडाला थांबायला मदत करणारी जागा आहे. मुलीच्या हातावर काळे-निळे डाग पडत असतील तर मात्र कंबर लवकर बंद होतेय (कॅचरकडे वळतेय) किंवा हात पाठीमागून वळसा घेतोय. घासणं आणि आदळणं यांत फरक आहे.

मनगटाच्या झटक्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो सराव आजपासून बंद करा. मनगट शेवटी वेगाने हलतं, हे खरं. पण ते हलवलं जात नाही, मागून आलेल्या वेगामुळे हलतं. हात इतक्या वेगात असताना ‘आता मनगट मोड’ असा हुकूम डोक्याकडून वेळेवर पोहोचूच शकत नाही. रोज नुसते झटके मारून मुलगी शिकते काय, तर शेवटच्या क्षणी हात ताठ करायला. आणि नेमका त्याच क्षणी तो सैल हवा असतो.

मग सुरुवात कुठून? शेवटापासून, आणि अगदी जवळून. जाळीपासून किंवा भिंतीपासून दोन-तीन मीटरवर तिला थर्ड बेसकडे तोंड करून उभी करा. डावा खांदा जाळीकडे, पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले. उजवा हात मागे 9 वर, तळवा वर, चेंडू बोटांवर ठेवल्यासारखा, कोपर सैल. आता एवढंच सांगा: कोपर आधी बरगडीकडे आण आणि चेंडू जाळीत जाऊ दे. चेंडू कुठे लागतो ते बघायचं नाही. पहिले काही चेंडू थेट जमिनीत जातील, काही तिच्या मागे उडतील. सुटण्याची वेळ सापडण्याआधी असंच होतं, तेव्हा चेहऱ्यावर काही दाखवू नका. मग एक चेंडू अचानक ‘सट्’ करून जाळीत जातो आणि मुलीला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. त्या क्षणी तिला विचारा, हाताला काय वाटलं? तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लक्षात ठेवा. पुढची कित्येक वर्षं सूचना म्हणून तोच शब्द वापरता येतो, तुमच्या-माझ्या शब्दांपेक्षा तो जास्त चालतो.

या टप्प्यावर काही मुली जुन्या सवयीने तळवा खाली फिरवतात. त्यांना बोलून समजावण्यात वेळ घालवू नका. मोज्यांचा गोळा किंवा मऊ, हलका चेंडू द्या आणि 9 वर तळव्यावर ठेवायला सांगा, धरायचा नाही. तळवा फिरला की गोळा पडतो, आणि ती आपली आपण सुधारते. जड चेंडू मात्र या वयात देऊ नका.

हे अंगवळणी पडलं की हात 12 पर्यंत न्या. शरीर उघडं, उजवा हात वर, डावा हात लक्ष्याकडे, पाय फाकलेले. बाजूने इंग्रजी ‘के’ अक्षरासारखी आकृती दिसते, म्हणून प्रशिक्षक याला ‘के पोझिशन’ म्हणतात. इथून हात 9 मधून जाऊ द्यायचा, वाटेत थांबवायचा नाही. मग पूर्ण वर्तुळ. मग चालत येऊन टाकणं: दोन-तीन पावलं चालत यायचं आणि चालीतच हात फिरवायचा. चालताना मुली विचार करायचं सोडून देतात आणि हात आपोआप सैल होतो, त्यामुळे अडलेल्या मुलीला मी बहुतेक वेळा इथेच परत आणतो. शेवटी पिचर्स प्लेटवरून (पिचर जिथे उभी राहून टाकते ती पट्टी) पूर्ण पिच. एका टप्प्यावर आठवडा लागेल की महिना, हे मुलगी ठरवते. पुढचा टप्पा बिघडला तर एक पायरी मागे या.

पकड साधी ठेवा. 10 वर्षांखालच्या गटात सहसा 11 इंची चेंडू असतो (परीघ साधारण 28 सेंमी), 12 वर्षांखालच्या गटापासून 12 इंची. लहान हाताला तीन किंवा चार बोटं शिवणीवर आडवी ठेवू द्या. चेंडू तळव्यात रुतायला नको, तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये थोडी फट दिसली पाहिजे. दोन बोटांची पकड हात वाढल्यावर बघू.

अंतराचंही तसंच. मोठ्या मुलींना पिचर्स प्लेट ते होमप्लेट 43 फूट असतं, 10 वर्षांखालच्या गटात साधारण 35. सरावात त्याहूनही जवळून टाकलं तर काही बिघडत नाही. चेंडू पोहोचवायचाच म्हणून जोर काढायला लागली की ती पुढे वाकते, खांदा पुढे टाकते आणि आठवडाभर जमवलेला सैलपणा दहा चेंडूंत जातो.

पायांकडे उशिरा या, पण दुर्लक्ष करू नका. मागचा पाय पिचर्स प्लेट ढकलून मोकळा होतो आणि बोटांच्या टोकावर हलका घसटत येतो. त्यावर वजन राहिलं तर वेग तिथेच संपतो. (बुटाचं टोक महिन्याभरात फाटेल. पुढे टोप बसवून घ्या.) पाऊल लांब पडावं, हळूहळू स्वतःच्या उंचीच्या जवळ जाईल इतकं. पुढचं पाऊल पूर्ण सरळ किंवा पूर्ण आडवं नको, थोडं तिरकं पडावं, गुडघा किंचित वाकलेला पण ढिला नाही. पाऊल जमिनीला लागतं तेव्हा हात 12 आणि 9 च्या मध्ये कुठेतरी असतो. पाऊल त्याहून उशिरा पडलं तर हाताला अडवणारं काही राहत नाही. डोकं आणि छाती पायांच्या वर, जमल्यास किंचित मागे. पुढे झुकलेली मुलगी जोर लावतेय असं दिसतं, पण तिचा पुढचा पाय शरीराला थांबवूच शकत नाही.

‘दार बंद कर’, म्हणजे कंबर जोरात फिरवून कॅचरकडे आण, ही सूचनाही तुमच्या कानावर आली असेल. ती मला फार नुकसान करणारी वाटते. चेंडू सुटताना कंबर अर्धवट उघडी असायला हवी. ती आधीच बंद झाली तर नितंब हाताच्या वाटेत येतो. हात वळसा घेतो, चेंडू आडवे भरकटतात आणि खांदा एकटा पडतो. चेंडू सुटल्यावर कंबर आपोआप फिरते, तिला सांगावं लागत नाही.

नियमांपैकी तीनच आत्ता तिच्या कानावर घाला. सुरुवातीला चेंडू घेऊन स्थिर थांबायचं. आणि पाऊल पिचर्स प्लेटच्या 24 इंच रुंदीच्या आतच पुढे टाकायचं. प्लेट सोडल्यावर मागचा पाय पुढे टेकवून तिथून पुन्हा ढकलणं, म्हणजे क्रो हॉप, बेकायदेशीर आहे. लहान मुलींमध्ये ते वेग काढण्याच्या नादात येतं, आणि सवय लागल्यावर सोडवणं कठीण जातं.

सरावात मोबाइलचा स्लो मोशन वापरा. थर्ड बेसच्या बाजूने एक आणि मागून एक, एवढे दोनच कोन पुरेत. तिला एकच गोष्ट दाखवा. एका सरावात एकच सूचना, आणि ती तिच्या शरीराबद्दल असण्यापेक्षा चेंडूबद्दल किंवा जाळीबद्दल असेल तर जास्त चालते. ‘जाळीला आवाज काढ’ म्हटलं की कोपर, कंबर, पाय सगळं थोडंथोडं सुधारतं. ‘कोपर वाकव’ म्हटलं की फक्त कोपर वाकतं. हात धरून जागेवर आणायचा असेल तर आधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर स्वतः करून दाखवा. ज्या मुलीला आपल्या शरीरावर आपला हक्क आहे हे मैदानावर कळतं, ती दुखायला लागलं की लपवत नाही. तिच्या वजनाबद्दल, बांध्याबद्दल एकही शब्द नको, कौतुकाचासुद्धा.

आता पालकांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट: आधी वेग, मग अचूकता. नेमकं जागेवर टाक म्हटलं की लहान मुलगी हात जपून, हळू, ताठ आणते, आणि तीच हालचाल पक्की होते. जोरात टाकणाऱ्या मुलीची अचूकता पुढच्या एक-दोन वर्षांत येते, पण जपून टाकणाऱ्या मुलीला नंतर वेग शिकवणं फार कठीण. याची किंमत म्हणजे पहिल्या हंगामात वॉकवर वॉक (चार चुकीचे चेंडू पडले की बॅटरला फुकट मिळणारा बेस) जातील. बेस भरतील, समोरच्या संघाचे पालक टाळ्या वाजवतील, तुमच्या बाजूचे उसासे टाकतील. ते तिला आधीच सांगून ठेवा, आणि प्रत्येक पिचनंतर बाहेरून सूचना देणं सगळ्यांनी बंद करा. तुम्ही कॅचर म्हणून समोर बसत असाल तर चेंडू सुटल्यावर फक्त तो परत फेका. साधारण 11 ते 13 या वयात उंची एकदम वाढली की जमलेलं सगळं काही महिने बिघडतं. हात लांब होतो, सुटण्याची वेळ हुकते. तेव्हा नवीन काही शिकवू नका आणि तंत्र बदलू नका, शरीराला जुळायला वेळ द्या.

वेगवेगळ्या चेंडूंची घाई नको. फास्टबॉल जरा स्थिर झाला की दुसरा चेंडू चेंजअप: हात त्याच वेगाने, चेंडू मात्र बराच हळू. त्यानंतर ड्रॉप, म्हणजे शेवटी खाली जाणारा. राइजबॉलचं (वर उठल्यासारख्या वाटणाऱ्या चेंडूचं) वेड मुलींना व्हिडिओ पाहून लागतं, पण त्याला लागणारी उलटी फिरकी आणि वेग लहान हातात नसतो. जबरदस्ती केली तर मुलगी मागे झुकून, हात वाकडा करून चेंडू वर उचलायला शिकते.

किती टाकायचं? 8 ते 10 वयात एका सामन्यात 50 च्या आसपास थांबवा, सरावाचे चेंडूही त्याच दिवसाच्या हिशोबात धरा, आणि लागोपाठ दोन दिवस टाकलं की तिसऱ्या दिवशी हाताला पूर्ण सुट्टी. स्पर्धेच्या आठवड्यात संघात एकच पिचर असेल तर हे पाळणं अशक्य होतं. म्हणून संघात किमान तीन मुलींना पिचिंग शिकवलं पाहिजे, असा मी आग्रह धरतो. वर्षातले दोन-तीन महिने विंडमिल पूर्ण बंद, त्या काळात पोहणं, पळणं, दुसरा कुठलाही खेळ.

आणि तोंडावर जाळीचा मास्क, सरावातसुद्धा. चेंडू सोडल्यावर पिचर बॅटरच्या इतकी जवळ आलेली असते की सरळ मारलेल्या चेंडूला हात वर यायला वेळच मिळत नाही. यावर तिच्याशी चर्चा करू नका, मास्क नाही तर पिचिंग नाही.

राहिला तिच्या सध्याच्या प्रशिक्षकांचा प्रश्न. हेलो एल्बो आणि हे तंत्र दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. शनिवारी एक आणि मंगळवारी दुसरं केलं तर मुलगी दोन्हीकडे चुकते आणि दोष स्वतःला देते. प्रशिक्षकांना मुलीसमोर नाही, वेगळं भेटा. वाद घालण्यापेक्षा तिचा 9 वरचा फोटो आणि एखाद्या ऑलिंपिक पिचरचा 9 वरचा फोटो शेजारी ठेवून विचारा, तळवा कुठे आहे. खांदा दुखल्याचं स्पष्ट सांगा. बहुतेक प्रशिक्षक त्यांना जसं शिकवलं गेलं तसंच शिकवत असतात आणि चित्र समोर आल्यावर ऐकतात. नाहीच ऐकलं, तर दुखणं थांबल्यावर तिला एक हंगाम दुसऱ्या जागेवर खेळू द्या, सेकंड बेस किंवा फर्स्ट बेसवर, जिथे लांब फेक कमी असते. पिचिंग घरी, जाळीसमोर दोन मीटरवर, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. त्यातली पहिली पाच मिनिटं हात-पाय गरम करायला आणि वरून हलकं फेकायला.